रुखमाबाईचं निळं पाणी

धनजजवळच्या तांड्यात रुखमाबाईच्या तोंडाला सगळे वचकून असत. बाई हाडांची मोळी, पण जीभ अशी की मुकादमसुद्धा वेचणीत तिच्या ओळीला जाताना आधी दोनदा खाकरायचा. तिचा नवरा रामसिंग सडकेवर गिट्टी फोडायला जायचा आणि महिना महिना परतायचा नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, "देवानं हिच्या ताटातलं काढलं अन् जिभेवर ठेवलं. मले दगडं फोडलेले पुरते."

पंचावन्न सालच्या कापूसवेचणीत तिला खोकला लागला. खोकला घरात नवा नव्हता. आदल्याच वर्षी तिचा दीर फुलसिंग त्याच झोपडीत खोकून खोकून गेला होता. झोपडी म्हणजे काय, वाकून आत जायचं आणि वाकूनच बाहेर यायचं. आत आठ माणसं, एक शेळी आणि चुलीचा धूर. रात्री कोणाचा श्वास कोणाच्या नाकात जातो, याला धरबंध नव्हता. त्यात आषाढापासून ज्वारी संपलेली; तरोट्याची भाजी आणि आंबाडीचं पाणी यावर घर चाललं होतं.

सासू गोमतीबाईनं आधी भगत बोलावला. भगतानं कोंबडं मागितलं आणि मोहाची बाटली मागितली. कोंबडं त्यानं खाल्लं, बाटली त्यानं रिचवली, आणि खोकला तेवढा रुखमाबाईकडे ठेवून गेला. मग एके दिवशी वेचता वेचता तिच्या तोंडातून रक्त आलं आणि ओटीतल्या पांढऱ्या कापसावर पडलं. मुकादमाला फार कळवळा आला. कापसाचा. "उद्यापासून येऊ नको," म्हणाला.

गोमतीबाईनं मग शेजारच्या लखीरामची बंडी मागून आणली आणि सुनेला कारंज्याला नेलं. गावाबाहेर एका व्यापाऱ्यानं आपल्या आईच्या नावानं धर्मादाय दवाखाना काढला होता. पत्र्याच्या दोन लांब खोल्या, एक बायांची, एक बाप्यांची. भिंतीवर व्यापाऱ्याच्या आईचा फोटो. फोटोतली बाई अशा काही रागानं बघायची की आजाऱ्यानं लवकर बरं तरी व्हावं नाहीतर लवकर जावं तरी. खाली नियमांची पाटी. रुखमाबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून तिच्या हातून सगळेच नियम सारखे मोडले गेले.

डॉक्टरांनी छाती तपासली, थुंकी काचेवर घेऊन यंत्राखाली पाहिली आणि सांगितलं, "क्षय आहे."

"बरा होते का?"

"आता होतो. सुया आल्यात, गोळ्या आल्यात. पण नुसत्या सुयांनी भागत नाही. शरीराला खायला पाहिजे. तुझं वजन बहात्तर पौंड आहे. एवढ्यात जंतू कोणाशी लढतील? त्यांना मैदान मोकळंच आहे."

"मंग इथं खायले भेटते?"

"रोज अर्धा शेर दूध, दोन्ही वेळा वरण-भाकर, मूठभर शेंगदाणे."

रुखमाबाई सासूकडे वळली. "माय, तू जाय घरी. पोट्ट्यांकडे पाहजो. मी राह्यतो."

सुया रोज कुल्ल्यावर. गोळ्या मुठीनं. रुखमाबाई सुई देणाऱ्या कंपाउंडरला, गोपीचंदला, इतक्या शिव्या द्यायची की तो बिचारा स्पिरिटचा कापूस लावून आधी दोन पावलं मागं सरकायचा. पण दूध आलं की बाई गप्प. पेला तोंडाला लावला की तळ दिसेपर्यंत काढायची नाही.

तीन आठवड्यांनी समोरच्या खाटेवर नवी पेशंट आली. आली म्हणजे, उतरवली. छकड्यातून आधी गादी उतरली, मग तांब्याचा हंडा, मग कुलूपबंद पेटी, आणि शेवटी दोघांनी बखोटीला धरून प्रयागबाई उतरवली. धनजच्या नानाजी पाटलाची बायको. रुखमाबाईनं तिला पाहिलं आणि तिचा खोकलाच थांबला.

या प्रयागबाईच्याच वावरात तिनं पाच वर्षं कापूस वेचला होता. वेचणीच्या दिवसांत काट्यापाशी पाटलीण स्वतः बसायची, आणि वजन करताना तिचा पदर पारड्याला कसा कोण जाणे अडकायचाच. धा शेर वेचला तर आठ भरायचा.

"अवं माय," रुखमाबाई म्हणाली, "मालकीनबाई, तुमी? हे तं उपाशी मानसाचा रोग हाय ना वं?"

प्रयागबाईनं पेटीचं कुलूप चाचपलं. तिला नेमका तोच राग होता. एकशे नव्वद पौंड वजन, घरात चार दुभत्या म्हशी, आणि डॉक्टर म्हणतो क्षय! ती डॉक्टरांवरच उखडली. "थो काय, भुकेबंगाल्यांचा रोग. मले कसा व्हईन? माह्या घरी कुत्रंबी तूप खाते."

डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला गोड लघवीचा आजार आहे, पाटलीणबाई. किती वर्षांचा, देव जाणे. रक्तात साखर साचली की अंगातली राखण झोपते. मग जंतूला काय, गोडाची कोठीच उघडी मिळाली. आधी साखर उतरवू, तरच माझ्या सुया लागू पडतील."

आणि त्यांनी फर्मान काढलं. गूळ बंद, साखर बंद, भात बंद. ज्वारीची पातळ भाकर, मेथी, आंबाडी, ताक. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई. औषधाची बाटली ओल्या वाळूतल्या मडक्यात गार ठेवलेली. पेटीतले डिंकाचे लाडू गोपीचंदनं मोजूनसुद्धा न घेता उचलून नेले. त्यांचं पुढं काय झालं ते त्याच्या मिशांनाच माहीत.

रोज सकाळी लघवीची बाटली द्यायची. गोपीचंद खिडकीशी बसून काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचा, त्यात आठ थेंब टाकायचा आणि दिव्यावर उकळायचा. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर बरीच, आणि विटेसारखं लाल झालं तर विचारूच नका. प्रयागबाईची नळी रोज लाल. कारण उघड होतं: नानाजी एक दिवसाआड डबा आणायचा, वर मेथीची भाजी आणि भाकर, आणि आत, फडक्यात बांधून, लाडू. नानाजी स्वभावानं इतका मऊ की बायकोनं मागितलं असतं तर त्यानं विहीरही उचलून आणली असती. लाडू गादीच्या खोळीत जायचे.

"पाटलीणबाई," डॉक्टर दर सकाळी ओरडायचे, "तुम्ही खाता!"

"मी कायले खातो? तुमची नळीच खराब हाय."

डॉक्टरांनी नळी चांगली आहे हे दाखवायला सगळ्या बायांची लघवी तपासायला लावली. रुखमाबाईचं पाणी निळंशार निघालं. गोपीचंदनं नळी उंच धरून सगळ्यांना दाखवली. रुखमाबाई म्हणाली, "गरिबाच्या मुतात कायची साखर? माह्या चहात नसते."

दुसऱ्या दिवशी पहाटे, बाकीच्या झोपलेल्या असताना, प्रयागबाईनं तिला खुणेनं बोलावलं.

"रुखमे, इकडे ये."

"कायले?"

"तुयं पानी निळं येते. थे मले दे."

रुखमाबाईला आधी कळेना, मग कळलं, आणि मग तिला असं हसू फुटलं की हसण्याचा खोकला झाला. श्वास परत आल्यावर ती म्हणाली, "मालकीनबाई, तुमच्या वावरात माह्या हातचं पानी चालत नाइ. अन् मूत चालते?"

"प्यायचं हाय का मले? बाटलीत घालाचं हाय. हळू बोल."

"अन् मले काय भेटन?"

"एक लाडू."

"दोन."

"मुतासाठी दोन लाडू? डिंकाचे?"

"मंग कुत्र्याचं घ्या. फुकट भेटते."

प्रयागबाईनं दात खाल्ले. "दोन. पन लहानवाले."

"मोठेवाले. अन् डब्यातलं तूप."

असा तो सौदा ठरला. सकाळी मागच्या संडासाकडे दोघी जायच्या, येताना बाटल्या बदललेल्या. पहिल्या दिवशी नळी निळी निघाली तेव्हा गोपीचंद दिवा पेटता सोडून डॉक्टरांकडे धावला. डॉक्टर आले, नळी उजेडात फिरवून बघितली, आणि प्रयागबाईच्या खाटेशी उभं राहून सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाले, "पाहिलंत? मनावर घेतलं की होतं!"

रुखमाबाईनं तोंडात पदर कोंबला. एवढ्यानं भागलं नाही, तेव्हा उशी कोंबली.

पुढचे दोन महिने तिच्या आयुष्यात असे गेले की तिला वाटलं, माणसाला क्षय व्हायलाच पाहिजे. सकाळी दूध, दुपारी वरण-भाकर, मधे दोन लाडू, संध्याकाळी मेथीवरचं तूप. एक लाडू ती स्वतः खायची, दुसरा ठेवायची. आठवड्याच्या बाजाराला गोमतीबाई आली की तो साठा फडक्यात बांधून पोरांकडे जायचा. वजन बहात्तरचं अठ्ठ्याऐंशी झालं. दंडावरच्या बांगड्या आधी मनगटापर्यंत घरंगळायच्या, त्या आता जागच्या जागी बसल्या. ताप गेला. खोकला सकाळपुरता उरला. डॉक्टरांना वाटलं, हे सगळं आपल्या दुधामुळे. अकोल्याहून एक मोठे साहेब तपासणीला आले तेव्हा त्यांनी दोघींना शेजारी उभं केलं आणि म्हणाले, "ही उपासमारीची, ही साखरेची. दोघींचं पथ्य उलट, पण शिस्त एक." साहेबांनी वहीत लिहून घेतलं. लाडवांचं कोणी लिहिलं नाही.

प्रयागबाईची नळी निळी झाली म्हणून डॉक्टरांनी इन्सुलिन चाळीस युनिटांवरून वीस केलं. मग दहा. प्रयागबाई खूष. सुई कमी, लाडू तेवढेच.

फक्त खोकला काही तिच्या आनंदात सामील होईना. तो वाढला. संध्याकाळी ताप चढायला लागला. हंडा भरला की दुपारपर्यंत रिकामा. पाणी प्यायची आणि जायची, जायची आणि प्यायची. खात होती तरी अंग उतरत चाललं. डाव्या पायाच्या अंगठ्याला चप्पल लागून फोड आला होता, तो महिना झाला तरी भरत नव्हता. एक दिवस ती हात धुवायला वाकली आणि सोन्याची पाटली आपसूक निसटून घरंगळत रुखमाबाईच्या खाटेखाली गेली. रुखमाबाईनं रांगत जाऊन ती काढली.

"बाई, तुमी लाडू खाता का फेकता?"

"खातो तं."

"मंग जाते कुठं?"

ते कुठं जातं ते रुखमाबाईनं दुसऱ्या दिवशी पाहिलं. संडासात प्रयागबाई बसायची त्या कोपऱ्यात मुंगळ्यांची रांग लागली होती. भिंतीच्या फटीतून निघून, रुखमाबाईच्या कोपऱ्याकडे ढुंकूनही न बघता, सरळ तिकडे. रुखमाबाई बराच वेळ ती रांग बघत उभी राहिली. तिला हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही.

त्याच आठवड्यात प्रयागबाईला रक्ताची उलटी झाली. नानाजी धावत आला. डॉक्टर त्याला घेऊन ओसरीत बसले, आणि खिडकीखाली शेंगदाणे सोलत बसलेल्या रुखमाबाईला सगळं ऐकू आलं.

"साखर तर ताब्यात आहे," डॉक्टर म्हणत होते. "सुया चालू, गोळ्या चालू. समोरची बाई त्याच औषधानं उभी राहिली. हिचं फुप्फुस मात्र पोखरतच चाललंय. मला कळत नाही, नानाजी. माझ्या हातातलं संपलं. घरी न्या, चार दिवस आपल्या माणसांत राहू द्या."

 पागोट्याचा शेव सोडून नानाजीनं डोळे पुसले आणि मग तो शेव पुन्हा नीट खोचता येईना, म्हणून तसाच लोंबता ठेवून बसला.

रुखमाबाईच्या हातातले शेंगदाणे सोलायचे राहिले. सांगितलं तर लाडू बंद, एवढंच नव्हे, फसवणूक केली म्हणून तिलाही हाकलतील. तांड्यात परत जायचं म्हणजे शेळी, धूर आणि आंबाडीचं पाणी. आणि हे कोणासाठी? पारड्याला पदर अडकवणाऱ्या बाईसाठी? दोन महिने ती त्या पदराचा सूड लाडवांनी घेत होती. आता तो सूड जरा जास्तच फिटायला निघाला होता. पण एक गोष्ट तिला गिळवेना. ही बाई मरणार होती ती देवाच्या मर्जीनं नाही, आणि रोगानंही नाही. ती मरणार होती रुखमाबाईच्या बाटलीनं.

ती उठून प्रयागबाईकडे गेली. "बाई, तुमी सांगा डॉक्टरले. आत्ता."

प्रयागबाई उशीला टेकून धापा टाकत होती. "नाइ सांगत. मराचं तं गोड खाऊन मरीन. तुयं काय जाते?"

"मरा ना. खुशाल मरा. पन माह्या मुतानं नका मरू."

आणि ती ओसरीत गेली. डॉक्टरांसमोर उभी राहिली. मुठीत अजून ते न सोललेले शेंगदाणे होते.

"काय गं?"

"साहेब, थे निळं पानी माहं व्हय."

"कोणतं पाणी?"

"बाटलीतलं. दोन मह्यन्यापासून. बाई मले लाडू देते, मी तिले मूत देतो."

 आत गोपीचंदच्या हातातून काहीतरी खाली पडून फुटलं. मग सगळे आत खोलीत आले आणि आयाबाईच्या डोळ्यांदेखत प्रयागबाईची बाटली भरून आणली गेली. आठ थेंब पडले, नळी दिव्यावर धरली. उकळी यायची वाटसुद्धा पाहावी लागली नाही. हिरवं, पिवळं काही नाही, एकदम विटेचा चुरा. डॉक्टरांचा चेहराही जवळजवळ त्याच रंगाचा झाला. अकोल्याच्या साहेबांची वही त्यांच्या डोळ्यांपुढं आली असावी.

"दोघी निघा," ते ओरडले. "माझ्या दवाखान्यातून आत्ताच्या आत्ता निघा!"

"जातो," रुखमाबाई म्हणाली. "पन पयले तिची सुई वाढवा."

"तुला कळत होतं तर आधी का नाही बोललीस?"

"मले साखरबिखर नाइ कळत. तिले तहान लागून राह्यली, थे दिसत होतं. पाटली निंगून राह्यली, थे दिसत होतं. तुमी बाटली पाहत होते साहेब. मी बाई पाहत होतो. तरी मी लाडवापायी गप राह्यलो, हे खरं."

खोलीत कोणी खोकलंसुद्धा नाही. आणि क्षयाच्या खोलीत कोणी न खोकणं म्हणजे काय, ते तिथं राहिल्याशिवाय कळायचं नाही. डॉक्टर खुर्चीवर बसले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "गोपीचंद, चाळीस भर. आणि ती गादी बाहेर काढून झटक."

गादीतून अकरा लाडू निघाले. नानाजीनं ते पाहिले आणि तो रुखमाबाईच्या पाया पडायला वाकला. तिनं दोन पावलं मागं उडी घेतली. "पाटील, असं करू नका. मले आंगावर काटा येते."

तिला हाकललं नाही. पण प्रयागबाई नऊ दिवस तिच्याशी बोलली नाही. भिंतीकडे तोंड करून पडायची. मधल्या काळात पायाचा अंगठा काळा पडला होता, तो डॉक्टरांनी काढून टाकला. म्हणाले, अंगठ्यावर भागलं, पाय जायचा होता. साखर हळूहळू उतरली. नळी लाल होती ती पिवळी झाली, पिवळीची हिरवी. तसा ताप खाली आला, आणि त्याच सुया, ज्या दोन महिने वाया गेल्या होत्या, लागू पडायला लागल्या. नवव्या दिवशी भिंतीकडूनच आवाज आला.

"चोट्टे, माहे शंभर लाडू खाल्ले तुनं. वापस दे."

रुखमाबाई म्हणाली, "वापस देल्लेले आवडन का तुमाले?"

प्रयागबाईची पाठ हलायला लागली. आधी वाटलं रडते आहे. मग ती वळली. हसता हसता पट्टी बांधलेला पाय खाटेच्या गजाला आपटला आणि ती एकाच श्वासात हसली, ओरडली आणि तिनं रुखमाबाईच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

उन्हाळ्याच्या तोंडाला रुखमाबाईला घरी सोडलं. वजन शहाण्णव पौंड. डॉक्टरांनी गोळ्यांची पुडी दिली आणि बजावलं, "वर्षभर चुकवायच्या नाहीत. दूध प्यायचं, डाळ खायची. उघड्या हवेत झोपायचं. सहा महिने जड काम नाही."

"गोया तुमी देल्ल्या. बाकीचं औषध कोनत्या दुकानात भेटते, साहेब?"

 डॉक्टरांनी आणखी एक पुडी गोळ्यांची दिली. त्यांच्याकडे तेवढंच होतं.

तांड्यात आल्यावर तिनं पहिलं काम केलं ते झोपडीच्या कुडाला विळ्यानं भोक पाडलं, शेळी बाहेर जावी एवढं. गोमतीबाईनं कपाळ बडवलं. रामसिंग महिन्यानं आला तर म्हणाला, "दार चुकलं का तुयं?" पण हवा आत येऊ लागली, धूर बाहेर जाऊ लागला. पोटाचं मात्र भोक पाडून होईना. जेठात ज्वारी संपली. दूध तिनं पोरांना दिलं. गोळ्या ती एकही चुकवायची नाही, पण उपाशीपोटी गोळी घेतली की ती उलटून पडायची. आषाढ लागला तेव्हा बांगड्या पुन्हा घरंगळायला लागल्या, आणि संध्याकाळी अंग तापायला लागलं. तिनं कोणाला सांगितलं नाही. सांगून करायचं काय?

अशात एके सकाळी नानाजीचा छकडा तांड्यात आला. पाटील तांड्यात येणं म्हणजे बकरी चोरीला गेली किंवा मजूर पळाला. सगळे गोळा झाले. नानाजी पागोटं काढून रुखमाबाईसमोर दगडावर बसला.

"घरी आली तशी पुन्हा सुरू झाली वं थे," तो म्हणाला. "गूळ लपोते. काल पिठाच्या कोठीत भेली सापडली. सुनेचं आयकत नाइ, माहं तं जनमभर आयकलं नाइ. तुयं आयकते. सालानं कामाले राह्यतं का? काम काइच नाइ. तिच्यावर नजर ठेवाची."

रुखमाबाईनं अट घालायला क्षणही घेतला नाही. "दोन टाइम जेवन. एक शेर दूध. माहे दोन पोट्टे संग जेवतीन. अन् वावरात जानार नाइ, डॉक्टर म्हनत नाइ तोवर."

"बरं."

"अन् यंदा वेचनीले काट्यापाशी तुमी बसाचं. बाई नाइ."

नानाजीनं घाबरून मागं पाहिलं, जणू प्रयागबाई छकड्यात होती. मग मान हलवली.

त्या घरात पुढं जे चाललं त्याची कथा धनजात बरीच वर्षं सांगत. रुखमाबाई सकाळी येऊन ओसरीत बसायची. शिकारी कुत्र्यासारखं घर हुंगायची. कोनाडे, उतरंडी, गाठोडी, देवघरातला नैवेद्य. देवापुढचा पेढासुद्धा ती आधी मोजून ठेवायची. "देव खाऊन राह्यला का तुमी?" असं तिनं एकदा भर पूजेत विचारलं. प्रयागबाई दिवसातून दोनदा तिला घराबाहेर काढायची आणि संध्याकाळी ती निघाली की विचारायची, "उद्या येशीन ना वं?" रुखमाबाईचा ताप महिनाभरात गेला. दूध पिऊन की भांडून, सांगता येत नाही; डॉक्टर म्हणाले, दूध पिऊन. प्रयागबाईचं फुप्फुस भरून आलं. डोळे मात्र मंदावत गेले, साखरेनं तेवढं वसूल केलंच. पण आठ बोटं आणि एका अंगठ्यावर ती घरभर चालायची आणि शिव्या द्यायला डोळे लागत नाहीत.

अठ्ठावन्न सालच्या थंडीत गेलेल्या दिराची, फुलसिंगची, विधवा सुंदरबाई खोकायला लागली. ती आता तांड्याच्या दुसऱ्या टोकाला आपल्या दोन पोरांबरोबर राहायची. भगत कोंबडं मागायला आलाच होता. रुखमाबाईनं त्याला कोंबड्याविनाच तांड्याच्या वेशीपर्यंत पोचवलं आणि सुंदरबाईला बंडीत घालून कारंज्याला आणलं.

दवाखान्यात जुने डॉक्टर नव्हते, सोडून गेले होते. नवा डॉक्टर तरणा, मिशी नुकतीच फुटलेली. त्यानं थुंकी तपासली, क्षय आहे म्हणाला आणि चिठ्ठी लिहायला घेतली. आता सगळ्यांना इथं ठेवायला जागा नसते, म्हणाला, घरीच सुया घेता येतील, आठवड्यातून दोनदा आणा. औषध फुकट आहे.

"अन् दूध?" रुखमाबाईनं विचारलं.

"दूध औषध नाही, बाई."

"कोनं सांगतलं तुमाले?"

तरण्या डॉक्टरानं मान वर केली. "तुम्ही कोण हिच्या?"

"जाऊ. औषध खाऊन मेलेले पाह्यले हायेत म्या, साहेब, अन् औषध खाऊन जगलेलेबी पाह्यले. दोघाइचं औषध एकच होतं. हिची चूल दोन दिवसापासून पेटली नाइ. तुमची सुई कशावर चालन?"

"पण मी काय करू शकतो? दवाखान्याला दूध येतं ते आतल्या पेशंटला."

"लिवा मंग हिचं नाव आतल्यात. झोपन ती तांड्यात, खाट खाली राह्यली तं राह्यली. दूध रोज मी येऊन नेतो."

पाठीमागं रांग कुरबुरायला लागली. रुखमाबाईनं सुंदरबाईला स्टुलावर बसवलं आणि स्वतः दुसरं स्टूल ओढून बसली, पदर आवरून, गुडघ्यावर हात ठेवून, जशी एखादी दिवसभरासाठी बसते. कंपाउंडर गोपीचंद तोच होता, आता जरा पिकलेला. तो दारातून तिला पाहून डॉक्टरच्या कानाशी वाकला आणि काहीतरी कुजबुजला. डॉक्टरानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा रांगेकडे पाहिलं आणि टाक दौतीत बुडवला.

"किती लिहू?"

"एक शेर," रुखमाबाई म्हणाली. "हिले पोट्टे दोन हायेत. अर्धा तं थेच पितीन."